आवाज बंद होता

ता. ४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. कापडाच्या मागांच्या खडखडाटाने तुझे कान नेले, फोन लावून उपयोग नाही, म्हणून आपल्या घरात अजून पत्रं चालतात. हे मी इथल्या एका सचिवांना सांगितलं, तर त्यांना मी मोठा रसिक वाटलो.

कामगार दवाखाना खासगी कंपनीला विकायचं विधेयक आलंय. वस्तीला दुसरा दवाखाना नाही आणि दाजींची छाती त्याच्याच जोरावर चाललीय, हे मी विसरलेलो नाही. सरकारचं बहुमत काठावरचं, आणि मी पडलो अपक्ष, त्यामुळे सध्या मला फार मान आहे. सोमवारी मी विरोधात बोलणार. टीव्हीवर थेट दाखवतात, सगळ्यांना बसव. दाजींना म्हणावं, खोकताना टाळ्या वाजवू नका, दोन्ही एकदम जमायचं नाही.

लोभ असू दे, आमदार झालो म्हणून कमी करू नकोस.
तुझा धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

भाषण पाहिलं. आम्ही न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो, मावले नाहीत ते दारात. टीव्हीचा आवाज नेहमीप्रमाणे बंद होता. निम्म्यांना ऐकू येत नाही आणि उरलेल्यांना ओठ वाचायची सवय. तू छान बोललास. दाजींना भरून आलं. कोटाचं बटण मात्र ताणलंय, पोट कमी कर.

मग तू खाली बसलास आणि मंत्री तुझ्या शेजारी येऊन बसले. तुझा माईक बंद झाला, कॅमेरा तुझ्यावरच राहिला. आधी तू म्हणालास, नवा बूट चावतोय. मग म्हणालास, मतदानाच्या दिवशी माझ्या पोटात दुखेल, मी बाहेर जाईन, महामंडळाचं अध्यक्षपद तेवढं पक्कं करा.

तू हळू बोलला असशील. पण आईने तुला पहिल्यांदा मागावर उभं केलं तेव्हा शिकवलं होतं, या गोंगाटात ओरडायचं नाही, तोंड पूर्ण उघडून एकेक शब्द सुटा दाखवायचा. दोन निवडणुका जिंकलास तरी ती सवय गेली नाही. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच. गिऱ्हाईक अर्ध्या गालाचा साबण घेऊन घरी गेलं.

दाजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, भाऊ माझा म्हणून.

तब्येतीला जप, विशेषतः पोटाला.
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमचा गैरसमज झालाय. मी मंत्र्यांना पोटदुखीवरचं औषध विचारत होतो. जाऊ दे, तुझ्याशी खोटं बोलून आजवर माझा काही फायदा झालेला नाही.

अध्यक्ष झालो तर वस्तीतल्या पोरांना नोकऱ्या लावता येतील. माझ्या एका मताने दवाखाना वाचेलच, असंही नाही. तू लोकांना समजाव, तुझा शब्द मोडत नाहीत. यापुढे मी तोंडासमोर फाईल धरणार आहे.

रागाव, पण पत्र टाकत जा.
धाकटा


ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

फाईल पाहिली. निळी आहे. मंत्री ओठ न हलवता पुटपुटतात, त्यांचं काही कळत नाही. मागावर ते एक दिवस टिकले नसते.

नोकऱ्यांचं मी सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या शिंपिणीने विचारलं, नोकरीला लागलेली पोरं आजारी पडल्यावर कुठे जाणार? प्रश्न तुझ्याकडे पाठवते आहे. उत्तर आलं तर कळव.

परवा दाजींना श्वास लागला. दवाखान्यात नेलं, नळी लावली. दुसऱ्या दिवशी चालत घरी आले आणि चहात साखर कमी म्हणून माझ्याशी न बोलताच भांडले. शहरापलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं तर वाटेतच गेले असते. तुझा राग येतो, धाकट्या, पण त्याहून जास्त भीती वाटते.

मतदानाला आम्ही येतोय. तुझ्या सहायकाने गॅलरीचे पास दिले. भला माणूस, कशाला म्हणून विचारलं नाही. पासवर लिहिलंय, गॅलरीत आवाज काढायचा नाही. त्याची आम्हाला काही अडचण नाही.

आशीर्वाद देते आहे. या खेपेला विचार करून दिलेत.
ताई


ता. ६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही न भेटताच गेलात, म्हणून लिहितो.

मतदान पुकारलं तेव्हा मी पोट धरून उठलो. दाराशी पोचलो आणि वर बघितलं. पुढच्या रांगेत दाजी कठडा धरून उभे. श्वास पुरत नव्हता, आवाज नव्हताच. तोंड पूर्ण उघडून, एकेक शब्द सुटा, ते म्हणाले, "धागा तुटला." मग सगळी गॅलरी तेच म्हणायला लागली. मार्शल नुसता बघत राहिला. बाहेर काढायचं तर आवाज कुणाचाच नव्हता.

शेजाऱ्याने धागा तुटला म्हटलं की आपला माग थांबवून त्याच्यापाशी जायचं, गाठ बसेपर्यंत हलायचं नाही, मग सुट्टीचा भोंगा का वाजेना. हेही आईनेच शिकवलेलं. माझे पाय दाराबाहेर पडेनात. जागेवर येऊन बसलो आणि विरोधात हात वर केला. विधेयक एका मताने पडलं.

मंत्र्यांनी पोटाची चौकशी केली. थांबलं म्हटलं. अध्यक्षपद गेलं, पुढच्या निवडणुकीत ते मलाही घालवतील. लाज वाटली, ताई, आणि हलकंही वाटलं.

हात खाली घेतल्यावर मी वर बघून काहीतरी म्हणालो. कॅमेरा माझ्यावर नव्हता. दाजींपर्यंत पोचलं का, की तुम्ही रागानेच निघालात, तेवढं कळव.

लोभ उरला असेल तर तोही कळव.
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

पोचलं. गाठ बसली, म्हणालास. दाजींनी ते आम्हाला पुन्हा वाचून दाखवलं, जसे काही आम्ही आंधळे होतो. ते आता माझ्याशी बोलतात, मुख्यतः साखरेबद्दल.

राग नव्हता रे. गाठ बसली म्हटल्यावर तिथे घुटमळायचं नसतं, ज्याने त्याने आपापल्या मागावर परत जायचं, म्हणून आम्ही निघालो. तू विसरलेला दिसतोस. घरी ये, पुन्हा शिकवते.

येताना फाईल आणू नकोस.
ताई