उजव्या हातातला तांब्या

अव्वा, तू आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाहीस, मग माझंच का ऐकलंस? एवढं एकच विचारायला कागद घेऊन बसलोय. शाळेला आज सुट्टी आहे, सकाळची पूजा झाली, तुझ्या सुनेनं चहाला दोनदा हाक मारली आणि मी अजून या एका ओळीपुढं सरकलेलो नाही. राग आला की माझं अक्षर मोठं होतं हे तुला माहीत आहे. हे पान लवकर भरणार.

अप्पांनी तुला मुंबईला जाऊ नको म्हणून किती सांगितलं. गावच्या जत्रेत नाटक करतेस ते ठीक, लातूरला स्पर्धेत बक्षीस मिळवलंस तेही ठीक, पण पन्नाशी आलेल्या बाईला टीव्हीत कोण घेतंय, असं ते दुकानाच्या गादीवर बसून गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. तू कापडाचा तागा गुंडाळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पन्नाशीच्याच बाईचं काम हाय ते. विशीची पोरगी काकू कशी होईल?" गिऱ्हाईक हसलं, अप्पाही हसले, आणि पुढच्या आठवड्यात तू चार साड्या नि शेंगाचटणीची बरणी घेऊन लातूरहून गाडीत बसलीस. तिथं दिग्दर्शकानं शुद्ध बोला म्हणून सांगितलं. तू दोन दिवस शुद्ध बोललीस, तिसऱ्या दिवशी तुझं "काय करून राहिलास रे" परत आलं आणि महिन्याभरात तिथला चहावालाही तसंच बोलायला लागला. पुढं साखरेचा आजार निघाला. डॉक्टरनं गोड बंद केलं, तर तू मार्गशीर्ष अमावस्येला शेतात शेंगापोळीवर तूप ओतून म्हणालीस, "डाक्टर काय माझ्यासंगं येळवस करायला येणार हाय का?" अशी तू. नवऱ्याचं नाही, दिग्दर्शकाचं नाही, डॉक्टरचं नाही. आणि ऐकलंस ते पंचविशीतल्या, नवीनच नोकरीला लागलेल्या, फार शहाण्या मास्तरचं.

त्या हाताबद्दल बोलतोय मी, तुला कळलं असेलच. मालिकेतली ती शेजारची काकू काही धक्कादायक ऐकलं की उजव्या हाताची बोटं गळ्याखाली दाबायची, दोन्ही डोळे मिटायची, आणि मग सगळं जागेवर आहे ना ते बघायला एकच डोळा उघडायची. दर भागात एकदा तरी. नांदेडच्या बसस्टँडवर पोरं ते करायची, लग्नाच्या पंगतीत बायका करायच्या. तू ते बसवलं वगैरे नव्हतंस. पहिल्या आठवड्यात सेटवर मागं कसलंसं पत्र्याचं सामान कोसळलं, तुझा हात आपोआप छातीशी गेला, सगळे हसले आणि दिग्दर्शक म्हणाला, हे ठेवा.

हात का जातो ते घरात आम्हाला माहीत होतं. अकरा वर्षांची असताना तू मांजरा नदीवर धुणं धुवायला गेली होतीस. वाकल्यावर गळ्यातला दोरा तुटला आणि चांदीच्या डबीसकट लिंग पाण्यात गेलं. लिंग अंगावर नसलं तर अन्न नाही, पाणी नाही, हा आपला लिंगायतांचा नेम. स्वामी देवणीला गेलेले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, त्यांनी नवं लिंग बांधलं, तेव्हा तुझ्या तोंडात भाकरीचा तुकडा गेला. तेव्हापासून भांडं पडलं, कुत्रं भुंकलं, कुणी मागून हाक मारली की तुझा हात आधी तिथं जायचा. साडीच्या आत, दोऱ्यावर. आणि तेच बघून घराघरांतून माणसं लोळून हसत होती. मुंबईला मेकअपच्या खोलीत तू डाव्या तळव्यावर लिंग घेऊन पूजेला बसलीस की पूजा होईपर्यंत कुणी तुला शॉटला बोलवायचं नाही, हे तू पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतंस. बोलावलं तर म्हणायचीस, "थांबा की. ह्यो माझा थोरला दिग्दर्शक हाय."

मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. फळ्याकडं वळलो की मागं सातवीचा अख्खा वर्ग गळ्याखाली बोटं दाबायचा. मला न बघताही कळायचं, कारण एकदम शांतता व्हायची. स्नेहसंमेलनात एका मुलीनं पोटाला उशी बांधून तुझी नक्कल केली, तर हेडमास्तर माईकवरून म्हणाले, "आता खुद्द चिरंजीवांनी तो हात करून दाखवावा." मी स्टेजवर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत शिरलो तर तिघांचे हात गळ्याशी. असं वर्षभर चाललं. सुटीच्या दिवशीच मला बरं वाटायचं.

मग त्या वर्षीच्या अमावस्येची ती येळवस. तू दरवर्षी कुठं असशील तिथून येळवशीला यायचीस. पहाटेपासून स्वयंपाकघरात डाळी-पालेभाज्यांची भज्जी शिजत होती, बाजरीचे उंडे वळले होते, अंबिलीचं मडकं कापड बांधून गाडीत ठेवलं. शेतात कडब्याची कोप उभी केली, आत पूजा झाली, आणि जेवायला बोलावलेल्या आजूबाजूच्या शेतांतल्या बायका तुझ्याभोवती बसल्या. "काकू, तो हात करा की." "आगं जेवा आधी." "हात केल्याबिगर आमी न्हाई जेवत." तू भाव खाल्लास, पदर सारखा केलास, आणि म्हणालीस, "बरं, कायतरी वंगाळ बातमी सांगा मला." एक म्हातारी म्हणाली, "तुझा नवरा दुसरी करून राहिलाय." तू तो हात केलास. लांब बांधावर अप्पा बैलाला वैरण टाकत होते, त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, "कोण मी? कवा?" बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या.

मी पलीकडं ज्वारीच्या कडेला उभा होतो, हातात अंबिलीचा तांब्या. परत आलो तेव्हा माझ्या सदऱ्यावर अंबील सांडलेली होती. तू विचारलंस, "हे काय?" मी म्हणालो, "ठेच लागली." बायका उठून गेल्यावर मी तुला बोललो. म्हणालो, अव्वा, गळ्यात देव आहे तो, त्याच्या नावानं माकडचाळे कसले करतेस. आपल्यात लोक काय म्हणत असतील. मठात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी पाठ करून आल्यासारखा बोलत होतो, वर्गात बोलतो तसा. तू ताटात भज्जी वाढत होतीस. सगळं ऐकून घेतलंस, आणि एकच विचारलंस, "तुला हसू येतं का रे त्याच्यावर, मास्तर?"

मी म्हणालो, "न्हाई. लाज वाटती."

"बरं," म्हणालीस. "जेव. भज्जी गार होऊन राहिली."

त्यानंतर काकूचा हात बंद झाला. मला वाटलं दिग्दर्शकानं बंद केला असेल. वर्गातली पोरंही हळूहळू विसरली, आणि देवानं माझं ऐकलं असं समजून मी एक सोमवार जास्तीचा धरला. पुढं काकूचे प्रसंग कमी झाले. मग लिहिणाऱ्यांनी काकूला काशीला पाठवलं आणि परत बोलावलंच नाही. तू फोनवर म्हणालीस, "काकू गेली काशीला. करमतंय म्हणं तिला तिकडं." तू गावी परत आलीस. मध्ये एका चहाच्या जाहिरातीसाठी बोलावलं होतं, तिथंही त्यांना तो हातच हवा होता, तर तू नको म्हणालीस. मला सांगताना कारण दिलंस, प्रवास झेपत नाही. लातूरला जाऊन यायचा प्रवास मात्र झेपत होता. पुढं सहा येळवशी झाल्या आणि सातवीला तू नव्हतीस. तळव्यावर लिंग ठेवून, बसवून, तुला शेताच्या कडेला समाधी दिली. मालिकेतलं कुणी आलं नाही. मला त्यांचा राग आला होता. कुणाचाही राग यायला मला वेळ लागत नाही.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो. सेटवर तुझ्या कपड्यांचं बघायच्या त्या बाई भाचीच्या लग्नाला नांदेडला आल्या होत्या. गावाचं नाव त्यांच्या ध्यानात होतं, त्यावरून शाळेचा नंबर मिळवला आणि मला बोलावलं. मंगल कार्यालयात खुर्चीवर बसलेल्या, पाय सुजलेले. मला बघून म्हणाल्या, "तुम्हीच ते मास्तर? फारच साधे आहात हो. मला वाटायचं मिशा तरी असतील."

"का?"

"तुमच्या आई आम्हाला तुमचीच भीती घालायच्या. ब्लाऊज जरा ढिला झाला की, आमच्या मास्तरला सांगीन. आणि तुमच्यापायी हात बंद केला ना त्यांनी, म्हणून वाटायचं, कोण एवढा मोठा माणूस."

मी म्हणालो, तो तर दिग्दर्शकानं बंद केला. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "दिग्दर्शक रडायचा बाकी होता," म्हणाल्या. "चॅनेलची माणसं येऊन हात जोडून गेली. तुमच्या आईंचं एकच, हात सोडून दुसरं काय पाहिजे ते मागा. मीच एकदा विचारलं, देवाचं पाप वाटतं का? तर म्हणाल्या, देवाला काय होतंय? त्यो छातीवर बसूनच समदं ऐकून राहिलाय, त्याला करमत असंल. पण माझ्या मास्तरला हसू येत न्हाई त्याच्यावर. घरच्याच माणसाला हसू न्हाई म्हटल्यावर त्यात कायतरी खोटं असणार."

पंगतीत वाढप्या "मठ्ठा, मठ्ठा" करत फिरत होता. बाई पुढं म्हणाल्या, "पण हात ऐकेना. पहिल्या आठवड्यात तीनदा वर गेला, तीनदा त्यांनी स्वतःच शॉट थांबवला. मग मला म्हणाल्या, माझ्या उजव्या हातात कायतरी देत जा. तेव्हापासून रोज माझं तेच काम. लाटणं, छत्री, भाजीची पिशवी. जे सापडेल ते."

घरी आल्यापासून मी मोबाईलवर ते जुने भाग बघतोय. तुझी सून म्हणते, "शाळेत पोरांचे मोबाईल काढून घेता, अन् आता सोताच काय बघून राहिलात?" खरंच आहे, अव्वा, बाईंनी सांगितलं ते सगळं दिसतं. येळवशीच्या आधीच्या भागांत तुझे हात रिकामे, पाखरासारखे. नंतरच्या एकेका भागात उजव्या हातात काही ना काही. काकू दारात उभी राहून गप्पा मारते आणि हातात लाटणं. पाऊस नाही, घरात बसली आहे, तरी छत्री. शेवटच्या भागात काकूला काशीला निघायचंय आणि कुणीतरी तिला सांगतं की तिचं तिकीट हरवलं. तुझ्या हातात तांब्या आहे. तांब्या वर निघतो, गळ्यापर्यंत येतो, तिथं थांबतो, आणि तू त्यातलं पाणी पितेस. पाणी पिण्यासारखं तिथं काही नव्हतं. कुणी हसलंही नसेल. तेवढाच तुकडा मी किती वेळा बघितला ते सांगत नाही.

आणि घरी? घरी परतल्यावर सहा वर्षं तू ओसरीवर बसायचीस, तेव्हाही तुझ्या उजव्या हातात सुपारीची डबी असायची, नाहीतर विळी, नाहीतर नुसता पदराचा बोळा. झाकण पडलं की तू बोळा आवळायचीस. मला वाटायचं म्हातारपणी माणसाच्या हाताला काहीतरी लागतं. विचारलंसुद्धा नाही. तूही कसली गं! एकदा भांडायचं होतंस. मला म्हणायचं होतंस, गप बस, तुझ्या पोटाला माझ्या हातानंच घातलं. जगाला उत्तर देणारी बाई, आणि पोटच्या पोरापुढं "बरं." असलं कुठं ऐकायचं असतं का?

देवाचं नाव मी घेतलं ते खोटं होतं, अव्वा. मठात मला कुणी कधी काही बोललं नव्हतं. मला फळ्याकडं वळायची भीती वाटत होती, एवढंच. लिंगाची ढाल केली आणि तुला मारलं. रोज सकाळी तळव्यावर लिंग घेतो तेव्हा आठवडाभर हेच मधे येतंय, नजर ठरत नाही. ते मी त्याच्यापाशी बोललो आहे. तुझ्यापाशी बोलायचं ते वेगळं आहे, आणि त्यासाठीच पान उलटलं.

हे पत्र टपालात टाकायला पत्ता नाही. समाधीवर ठेवलं तर शेळ्या खातील. घडी घालून पूजेच्या पाटाखाली सरकवतो. तू विचारलं होतंस, हसू येतं का. त्या दिवशी म्हातारीनं तुला ती बातमी सांगितली, तू डोळे मिटलेस, तेव्हाच मी घाईनं ज्वारीकडं तोंड केलं होतं. पण तू एक डोळा उघडलास तो मला तिरका दिसला, आणि बांधावरून अप्पा ओरडले. मी ज्वारीत तोंड घालून इतका हसलो की हातातला तांब्या अंगावर उलटा झाला. ठेच लागली नव्हती.