घोडीच्या गाडीतली स्टेपनी

आई,

तुमचा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. घोडी वाचली. पोटातली कळ थांबली, आता उभी राहून चारा मागतेय. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

तो तास तुमच्यामुळे वाचला. तोंडावर सांगायला जीभ रेटणार नाही, म्हणून लिहितेय. सकाळी घोडीला तिच्या मोटारगाडीत चढवून दवाखान्यात नेताना पुलाच्या अलीकडे मागचा टायर फुटला. फोन केल्यावर मेकॅनिक पंधरा मिनिटांत आला, पण म्हणाला, "या मापाचा टायर उद्याच मिळेल." आत घोडी लाथा झाडत होती. मला रडूच फुटलं. तेवढ्यात तो गाडीखाली वाकला आणि म्हणाला, "अहो ताई, स्टेपनी आहे की!"

मी ती दोनदा काढून ठेवली होती. "फोन केला की माणूस येतो, उगाच ओझं कशाला," असं तुम्हाला फटकन बोललेही होते. तुम्ही घोडीला नाल ठोकायला येणाऱ्या नालबंदाकडून ती गुपचूप परत लावून घेतलीत आणि मला एका शब्दानेही टोकलं नाहीत. चुकलं माझं.

मी परत दवाखान्यात घोडीजवळ जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. उद्या सकाळी तिला घरी सोडणार आहेत. तीस वर्षं ही गाडी तुम्ही चालवलीत, आणि मी आल्यापासून तुम्हाला तिच्यात बसा असंही कधी म्हटलं नाही. उद्या घोडीला आणायला चला. पुढे, माझ्या शेजारी बसा.

तुमची सून