वाईट लिहिण्याची परवानगी

६ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला म्हणून तू फुगून बसली असशील, तर आता हवा सोड. आम्ही दोघं बरे आहोत. छापखान्यात काम भरपूर आहे. या आठवड्यात बसचं वेळापत्रक तपासलं, बियाण्यांची पाकिटं तपासली, आणि औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागदही. त्यातली दुष्परिणामांची यादी वाचता वाचता निम्मे मला होऊ लागले. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, एवढंच हल्ली मला जमतं.

बातमी वेगळीच आहे. तुला ठाऊकच आहे, नऊ वर्षांत माझ्या हातून गोष्टीची एक ओळ उतरलेली नाही. चार पुस्तकं झाली, पाचवं अडकलं, ते अडकलंच. कोणी विचारलं की मी 'चालू आहे' म्हणतो. तुझ्या वहिनीने दवाखान्यातल्या फलकावर एक चिठ्ठी पाहिली : ज्यांची कला अडून बसली आहे, त्यांनी गुरुवारी साडेपाचला यावं. तिने मला सांगितलं की 'चालू आहे' ऐकून तिचे कान किटले आहेत, आणि मी आत शिरेपर्यंत ती दारातून हलणार नाही. खरंच हलली नाही.

बैठक भरते ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात. दारू सोडणाऱ्यांच्या असतात तशाच बारा पायऱ्या. फक्त आमची बाटली रिकामी आहे आणि ती भरायची आहे. नाव कोणी सांगत नाही. आपला धंदा सांगायचा आणि किती वर्षं बंद आहे ते. एक व्हायोलिनवाली आहे, चार वर्षं. एक नाच बसवणारा आहे, दोन वर्षं. मी 'लेखक, नऊ वर्षं' म्हणालो. कोणी चुकचुकलं नाही. पहिली पायरी एवढीच, की हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही असं मोठ्याने कबूल करायचं. केलं. मग घरी चालत आलो.

जावईबापूंना नमस्कार, लेकीला गोड पापा. मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझा
दादा


१८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसले. अरे, मी अख्खी खुर्ची सहा पायऱ्यांत जोडून दाखवते आणि तुमच्या मनाला बारा लागतात? वहिनीला म्हणावं, कानाला धरून दर गुरुवारी पोचवत जा.

कारखान्यात आमचं नेहमीचंच. कपाटाच्या पत्रकासाठी मी एकोणीस चित्रं काढली : हा स्क्रू इथे, ही फळी तिथे, बाण इकडे. एका गिऱ्हाइकाने खुर्चीची पाठ खाली आणि बैठक वर लावली, आणि खुर्ची टोचते म्हणून तक्रार पाठवली. साहेबांनी मला विचारलं की चित्र चुकलंय का. मी सांगितलं की चित्र बरोबर आहे, माणूस उलटा आहे.

मला या कामाचं वाईट वाटत नाही हं. माझ्या चित्रांत जीव नाही, हे प्रकाशकांनी वेळीच सांगितलं ते बरंच झालं. स्क्रूमध्ये जीव कोणी शोधत नाही. तू मात्र लिही. आपल्या घरात एकाची तरी कला जिवंत राहू दे.

लेक विचारते की मामा शाळेत जातो तर त्याला गृहपाठ असतो का. कळव. लोभ आहेच, तो वाढवत राहा.

तुझी
खारू


११ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

लेकीला सांग, गृहपाठ असतो, आणि मामा तो रडत रडत करतो.

प्रत्येकाला गटातला एक जुना माणूस सोबती म्हणून मिळतो. माझ्या वाट्याला सत्तरीची एक कुंभारीण आली आहे. हात पाटासारखे रुंद, बोलणं चाबकासारखं. सात वर्षं तिने चाकाला हात लावला नव्हता. आता रोज लावते. तिने मला हुकूम केला की रोज सकाळी एक पान लिहायचं, आणि ते वाईटच लिहायचं. चांगलं लिहिलेलं आढळलं तर ती फाडणार. मी म्हणालो, बाई, चांगल्याची काळजी सोडा. आज बेचाळिसावं पान झालं. सगळी पानं भिकार आहेत. पण खारू, सकाळी उठताना छातीवर जो दगड असायचा, तो कुठेतरी सरकलाय.

आता पुढच्या पायऱ्या आल्या आहेत. अडलेल्या दिवसांत आपण कोणाचं काय बिघडवलं, त्याची यादी करायची, आणि शक्य तिथे ते भरून द्यायचं. माझी यादी लहान आहे. लहान आहे म्हणून सोपी नाही.

एक विचारायचं होतं. बकरीच्या पुस्तकासाठी तू काढलेली ती बावीस चित्रं अजून आहेत का तुझ्याकडे? सहज विचारतोय.

जपून राहा. लोभ असू दे.

तुझा
दादा


२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बेचाळीस पानं! भिकार तर भिकार, पानं ती पानंच. कुंभारीणबाईंना माझा दंडवत सांग.

चित्रं आहेत. पलंगाखालच्या सपाट पेटीत, जुन्या पडद्यात गुंडाळून. टाकवत नाहीत आणि बघवत नाहीत. पण तू सहज काही विचारणाऱ्यातला नाहीस. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय आहे ते लिही. तुझी तब्येत तर बरी आहे ना? जीव टांगणीला लागलाय. उलट टपाली कळव.

तुझी
खारू


२ एप्रिल

चि. खारू,
अ. आ.

हे पत्र मी पाच वेळा फाडलंय. आता सरळ लिहितो.

तुझ्या चित्रांत जीव नाही, असं प्रकाशकबाई कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते वाक्य माझं.

तू बावीस चित्रं पाठवलीस तेव्हा माझी गोष्ट अर्ध्यावर होती. बकरी चष्मा घ्यायला निघते, दुकानातले सगळे चष्मे घालून बघते, एकही कानांवर बसत नाही, आणि ती बाहेर येऊन पायरीवर बसते. तिथून पुढे मला काही सुचेना. बाईंना मी तुझी चित्रं दाखवली. गोष्ट कधी देता म्हणून त्यांनी चार महिन्यांत तीन पत्रं पाठवली. गोष्ट पुरी होत नाही हे सांगायची मला लाज वाटली. मी त्यांना कळवलं की बहिणीला घरच्या अडचणी आहेत, ती काम सोडतेय. आणि तुला सांगितलं की चित्रं नापास झाली. तू कारण विचारलंस, तेव्हा तोंडाला आलं ते बोललो. मला वाटलं, तू दोन दिवस रडशील आणि दुसरं काही काढायला घेशील. तू काढायचंच थांबवलंस. मी ते बघत राहिलो आणि गप्प बसलो. जानेवारीत तुझ्या पत्रात तेच वाक्य, माझंच, तुझ्या अक्षरात पाहिलं, आणि त्या दिवसापासून नीट जेवलेलो नाही.

हे सांगावं का, म्हणून मी कुंभारीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की तिचं काही तिला परत द्यायचं असेल तर सांग. नुसतं स्वतःचं ओझं उतरवायचं असेल तर एखादा हमाल गाठ. म्हणून परत देतोय. बाईंची ती तिन्ही पत्रं सोबत जोडली आहेत. पहिल्यातला दुसरा परिच्छेद वाच. तो तुझा होता, मी नऊ वर्षं दाबून ठेवला. बाईंनाही मी काल खरं काय ते कळवलंय. त्या अजून तिथेच काम करतात.

माफी मागत नाही, कारण मग तुला ती द्यावी लागेल. चूक माझी होती, पूर्ण माझी.

दादा


९ एप्रिल

दादा,

पत्र मिळालं. पत्रं वाचली. मला इतक्यात लिहू नकोस. वहिनीलाही लिहायला लावू नकोस.

खारू


२८ जून

ती. दादास,
न. वि. वि.

तू लिहिलं नाहीस, हे बरं केलंस. लिहिलं असतंस तर न फोडता परत धाडणार होते; पाकीटसुद्धा तयार ठेवलं होतं.

पहिला महिना मी नुसती चिडले. कपाटाच्या पत्रकात बाण उलटा काढला, आणि तो छापून गेला. ह्यांनी विचारलं की एवढं काय झालंय, तर त्यांच्यावरच ओरडले. मग सगळं सांगितलं. ते तुझ्याकडे यायला निघाले होते, मीच अडवलं. भांडण माझं आहे, ते दुसऱ्याला कशाला देऊ?

मे महिन्यात एका रविवारी पेटी ओढली. बावीसही चित्रं जमिनीवर मांडली आणि मीच परीक्षक झाले. नऊ चित्रं खरंच मेलेली आहेत. तेव्हा मला माणसांचे हात काढता येत नव्हते. पण तेरा जिवंत आहेत, दादा. मला कोणी सांगायची गरज पडली नाही, बाईंच्या पत्राचीसुद्धा नाही. मी जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. लेकीने विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, आलंय.

आमच्या पॉलिश खात्यात एक जण आहे, लग्नाआधी गायची. जेवणाच्या सुट्टीत तिला तुझ्या गटाचं सांगितलं. तू काय केलंस ते नाही सांगितलं. आता दर रविवारी सकाळी दहाला तिच्या स्वयंपाकघरात आम्ही बसतो. मी काढते, ती गुणगुणते. एकमेकींना छान म्हणायचं नाही, हा नियम. पहिल्या दिवशी तिचा सूर असा काही फाटला की दोघी पोट धरून हसलो, आणि त्या हसण्यातून ती पुन्हा गायला लागली. दोघींचाच गट आहे, पण भरतो.

राग गेलेला नाही. तो माझा मी सांभाळीन. एकच विचारते, आणि खरं लिही. ती चित्रं तू पहिल्यांदा पाहिलीस तेव्हा तुला स्वतःला काय वाटलं होतं? प्रकाशकबाईंना नाही. तुला.

खारू


५ जुलै

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

खरं लिहितो. हे मी गटातही बोललो नव्हतो. तुझं पत्र आलं त्या गुरुवारी पहिल्यांदा बोललो.

शेवटचं, बाविसावं चित्र. बकरी दुकानाच्या पायरीवर बसली आहे, आपल्याकडे पाठ करून. तू तिचा चेहरा काढलाच नाहीस. फक्त दोन कान, एक थोडा खाली. त्या चित्राखाली माझं वाक्य होतं : 'बकरीला फार वाईट वाटलं.' मी चित्र पाहिलं, वाक्य पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. खारू, माझ्या वाक्याचं तिथे काहीच काम नव्हतं. मी आयुष्यभर जे शब्दांनी करायला धडपडलो, ते माझ्या धाकट्या बहिणीने एका कानाने केलं होतं. त्या दिवसापासून मला लिहिता येईना. हेवा म्हण. मी इतकी वर्षं त्याला थकवा म्हणत होतो, कामाचा ताण म्हणत होतो, वय म्हणत होतो.

हे बोलून झाल्यावर मी खाली बसलो. मग व्हायोलिनवाली म्हणाली की तिचं अडलंय तेही तिच्याच एका विद्यार्थिनीमुळे, आणि हे तिने आजवर उच्चारलं नव्हतं. येताना कुंभारीणबाई माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालल्या. पाठीवर एक थाप मारली, ती अजून दुखते.

माझी भिकार पानं एकशे अठ्ठावन्न झाली. त्यांतल्या अकरा पानांची मिळून एक लहानशी गोष्ट झाली आहे : वेळापत्रकात छापायची राहून गेलेली एक बस. नऊ वर्षांत पहिल्यांदा 'समाप्त' लिहिलं. गोष्ट साधारण आहे. पण पुरी आहे.

सुखात राहा.

दादा


१९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर मी ते बाविसावं चित्र पेटीतून बाहेर काढलं, रबर घेतलं, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं तुझं वाक्य खोडलं. मग तेराच्या तेरा चित्रांखालचं खोडलं. रागाने नाही. तू म्हणालास ते बरोबर आहे, त्याचं तिथे काम नाही.

मग हाताला उसंत नव्हती. मेलेली नऊ पुन्हा काढली. पुढे काय होतं तेही मला दिसलं. शेवटाची सहा काढायला घेतली आहेत. बकरीचं काय होतं, ते सांगणार नाही. मंगळवारी रजा टाकून, चित्रं काखोटीला मारून, मी स्वतः बाईंकडे गेले. केस पांढरे झालेत त्यांचे. त्यांनी विचारलं की लेखक कोण. मी म्हटलं, कोणी नाही, हे पुस्तक बिनशब्दांचं आहे. त्यांनी चष्मा काढून सगळी चित्रं पुन्हा पाहिली. मग सांगितलं की उरलेली सप्टेंबरअखेर आणून दे, छपाईचं आपण बोलू. जिना उतरताना मी दोनदा पायरी चुकले.

पॉलिशवाली लेकीला एक गाणं शिकवतेय. मी ऐकते आणि नियमाप्रमाणे गप्प बसते.

तुझी बस पाठव. चित्रं काढणार नाही, आधीच सांगते. ते इतक्यात होणार नाही, कदाचित कधीच नाही. पण वाचीन. बरी वाटली तरी तोंडातून 'छान' काढणार नाही, आणि वाईट वाटली तर तुला तसंही तेच लिहायला सांगितलंय. ऑक्टोबरात वहिनीला घेऊन चार दिवस ये. ह्यांनी आता बाह्या खाली केल्या आहेत.

एप्रिलपासून तू पत्राच्या शेवटी लोभ मागायचं सोडलंस, ते माझ्या ध्यानात आलंय. मागू नकोस. लोभ आहे. आधी होता तेवढा नाही, पण आहे, आणि रोज सकाळी थोडा जास्त असतो.

तुझी
खारू