गायत्रीची बिल्बी आणि तळ्याचा हिरवा

कोसाड, सुरत
७ ऑक्टोबर २०२४

ती. सरलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. माझ्या हातून घोळ झाला. गायत्रीसाठी तू गावच्या तळ्याचं हिरवं पाणी पाठवलंस, ते मी मोरीत ओतलं. पलसाण्याच्या मिलमध्ये तीस वर्षं कापड रंगवतोय, बाटलीत हिरवं दिसलं की मला उरलेला रंगच वाटतो. वर बाटली घासूनही ठेवली. पोरगी रडली नाही, पण जेवलीही नाही.

२० तारखेला कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन आहे. पहिली आली तर पुढच्या फेरीला अमदावादला जाईल. तिच्या मांडणीत एकीकडे ऑस्ट्रेलियातली बिल्बी, सशाएवढी, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारी. पिशवी मागे उघडते, म्हणजे बीळ खोदताना आत माती जात नाही. माणसांनी तिकडे नेलेल्या कोल्ह्या-मांजरांमुळे ती संपत आलीय. दुसरीकडे आपल्या तळ्यातला तवंग. ते शेवाळ नाही, विषारी जंतू आहेत म्हणे. गायत्री म्हणते, बिल्बीला आपण जागा ठेवली नाही आणि यांना घाण सोडून सोडून नको तेवढी दिली.

धर्मेंद्र ट्रॅव्हल्सवाल्याकडे पुन्हा बाटली दे. माया आहे तशी राहू दे.

तुझा भाईदास

सोनवाडी, ता. शिंदखेडा
११ ऑक्टोबर

चि. भाईदासास,
अ. उ. आ.

दोन बाटल्या पाठवल्यात, एक तुला ओतायला. अरे, निदान वास तरी घ्यायचास. गायत्रीच्या सांगण्यावरून म्हशींना तळ्यावर नेणं बंद केलंय. पण बाकीच्या बाया विचारतात, पाणी बिघडायला लागलं हे ओळखायचं कसं? तेवढं पोरीला विचार, आणि तिला जेवायला सांग.

तुझी ताई

कोसाड, सुरत
२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरगी पहिली आली. अमदावादला जाणार.

तुझा प्रश्न गायत्रीने माझ्यावरच ढकलला. मग मी तळ्याचा रंग नजरेने जुळवला आणि सुती कापडाच्या पाच पट्ट्या रंगवल्या, फिक्यापासून गर्दपर्यंत. पाण्याशेजारी धरायच्या, पहिल्या पट्टीइतकं हिरवं दिसलं तरी ढोरं वळवायची. तिने त्या बिल्बीच्या चित्राजवळ टांगल्या. परीक्षक बाईंनी विचारलं, हे कोणी केलं? मला वाटलं, सरांचं नाव घेईल. ती म्हणाली, माझे पप्पा रंगारी आहेत, पहिलं पाणी त्यांनीच ओतून टाकलं होतं. सगळे हसले, मीही हसलो.

तुमच्यासाठी पट्ट्यांचा दुसरा संच धर्मेंद्रकडे दिलाय.

ताई, प्रमाणपत्रावर तिच्या नावाखाली 'साहाय्य : भाईदास बाबुराव, रंगारी' असं तिने लिहून घेतलंय. माझ्या हातचा रंग किती बायांच्या अंगावर गेला, पण नाव कधी कुठे लागलं नव्हतं. कालपासून चारदा वाचलं. मला फार अभिमान वाटतोय, तू हसलीस तरी चालेल.

तुझा भाईदास