एकेचाळिसाव्या पानाबद्दल

पिपरी (मेघे), वर्धा
रविवार, सकाळचे अकरा

तीर्थस्वरूप कृष्णकांतमामांना ऋचाचा साष्टांग नमस्कार. शरयूमामींनाही नमस्कार. हे पत्र आधी मामींनीच वाचावं आणि मग तुमच्या हाती द्यायचं की चुलीत घालायचं ते ठरवावं, माझी काही हरकत नाही. तब्येत कशी आहे? कोमट पाण्यात बसणं दोन्ही वेळा सुरू आहे ना? (हा प्रश्न मी पोस्टकार्डावर नाही, बंद पाकिटात विचारते आहे, हे कृपया ध्यानात घ्यावं. मी शिकते आहे, उशिरा का होईना.) आई बरी आहे. ती माझ्याशी बोलते, पण फक्त भाजी कोणती करायची एवढ्यापुरतं. तुम्ही घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडल्यापासून तिनं मला तुमचं नाव घेऊ दिलेलं नाही, आणि स्वतः मात्र दिवसभर तेच घेते.

मी तुम्हाला नऊ वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाही, ते बरोबरच केलं. मग समोर येऊन माफी मागावी म्हणून दोनदा केळझरला निघाले. पहिल्यांदा सेलूला उतरले, टपरीवर चहा घेतला आणि तशीच परतीच्या गाडीत बसले. दुसऱ्यांदा उतरलेही नाही, तुमचा थांबा आला तेव्हा डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं आणि थेट नागपूरला पोचले. (कंडक्टरनं पुढच्या प्रवासाचं तिकीट फाडताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तुमच्याच खात्यात शिकवतात का हो?) शेवटी म्हटलं, मामांनी अठ्ठावीस वर्षं एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, कागदावर आलेलं त्यांना पटतं. म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलावं, एवढंच मला हवं आहे.

आता पहिल्यापासून सांगते. मी आधी दातांची डॉक्टर होते, हे मलासुद्धा हल्ली आठवावं लागतं. कारंजा घाडगेच्या हायवेवर थाटलेल्या माझ्या दवाखान्यात फक्त ट्रकवाले यायचे, तेही गाडी सुरूच ठेवून, आणि गालाला हात लावून गोळी मागायचे. दात काढायला वेळ कुणालाच नव्हता. तो दवाखाना बंद करून चौतिसाव्या वर्षी मी रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. एकटे तुम्ही म्हणालात, "शिक. बस चालवणारे लय हायेत. बस टायमावर सोडणारा एखादाच राह्यते." ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. असं बोलणाऱ्या माणसाचं मी पुढे काय केलं ते आता येतं आहे.

चौथ्या सत्राला आमच्याकडे प्रोजेक्ट असतो. तीन रुग्ण निवडायचे, भरती झाल्यापासून सुट्टी होईपर्यंत त्यांच्या मागे राहायचं, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, कोण विचारपूस करतं, कुठे खोळंबा होतो, ते सगळं टिपून ठेवायचं आणि त्यावर चौसष्ट पानं लिहायची. दोन रुग्ण मिळाले होते. तिसरा मिळेना. ज्याला त्याला विचारलं की तो म्हणे, आधी दुखणं बरं करा, मग अभ्यास करा. अशात मामींचा फोन आला की तुमच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तुमच्या मिहिरला पुण्याहून रजा मिळत नाही, मामींचे गुडघे जिना चढू देत नाहीत, तर ऋचा, तू चार दिवस राहशील का? हे ऐकून मला आधी काळजी वाटली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं सांगते मामा, आधी हायसं वाटलं. काळजी वाटली, पण दुसऱ्या नंबरावर. पहिल्या दोघांच्या संमतीच्या सह्या मी रीतसर घेतल्या होत्या. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. घरचंच तर आहे, म्हटलं.

आणि काय ते चार दिवस होते! वॉर्डात पाय ठेवल्याबरोबर तुम्ही सिस्टरला विचारलं, "तुमचं टाइमटेबल कुठं लावलं हाये?" टाइमटेबल नाही हे कळल्यावर तुमचा चेहरा जितका पडला, तितका पुढे ऑपरेशनला नेतानाही पडला नाही. मग तुम्ही खिशातली डायरी काढलीत आणि डॉक्टरांच्या राऊंडची वेळ नऊ, प्रत्यक्ष आगमन दहा पंचवीस, अशी नोंद सुरू केलीत. दुसऱ्या दिवशी तर कुशीवर पडल्या पडल्या घोषणा सुरू झाल्या, "नऊचा राऊंड सव्वादहाले येईन. ज्याले चहा घ्यायचा असन त्यानं घेऊन घ्या." लोकांनी खरंच चहा घेतला आणि राऊंड खरंच सव्वादहाला आला. तिसऱ्या दिवसापर्यंत शेजारच्या वॉर्डातले नातेवाईक दारातून चौकशी करायला लागले. वॉर्डातल्या आनंदाबाई फरशी पुसायला घेण्याआधी तुम्हाला विचारायच्या, "बाबूजी, आता पुसू का थांबू?" सुट्टीच्या दिवशी फाइल सहा तास फिरली, तर ती कोणत्या टेबलावर किती मिनिटं थांबली याचा तुम्ही आख्खा तक्ता बनवलात, थांब्यांसकट. माझ्या प्रोजेक्टमधली सातवी आकृती म्हणजे तुमचा तो तक्ता. खाली मी लिहिलं, ‘स्रोत: संशोधिकेचं प्रत्यक्ष निरीक्षण’. आणि तुमच्याबद्दल लिहिलं, ‘असहकारी रुग्ण, रुग्णालयाच्या कामकाजात हस्तक्षेप करतो’. दोन्ही वाक्यं एकाच पानावर आहेत. लिहिताना मला काहीच खटकलं नाही, याची आता मला लाज वाटते.

प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या आनंदात मी चौसष्टच्या चौसष्ट पानं ‘केळझर परिवार’ ग्रुपवर टाकली. वाटलं, इंग्रजीत आहे, कोण वाचतंय, अंगठे येतील. अंगठे आलेही. पण निवृत्त माणसाच्या हाती डिक्शनरी आणि रिकामी दुपार असते, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. नाव मी बदललं होतं हो! गोपनीयतेचा नियम पाळला होता! ‘केस क्रमांक तीन: के., वय ६६, एसटीतून निवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार केळझर’. केळझरात असे निवृत्त नियंत्रक किती आहेत हे मी मोजायला हवं होतं. एकच आहे. आणि पुढच्याच ओळीत आजाराचं नाव. तुम्ही गावाला, व्याह्यांना, प्रभाकरराव गुरुजींना सगळीकडे हर्निया सांगितलं होतं. मी ते एका दुपारी मूळव्याध करून टाकलं. संध्याकाळी तुम्ही ग्रुप सोडल्याची ओळ आली.

तीन आठवडे मी त्याच समजात होते, की मामा आजार फुटला म्हणून रागावले. माफीची भाषणंही मी त्याच हिशेबानं पाठ केली. गेल्या गुरुवारी तुम्ही देवळात गेलेले पाहून मामींनी फोन केला. (त्यांच्यावर रागावू नका. मी गयावया केली होती.) मामी म्हणाल्या, "आजाराचं तं ते हासूनच राह्यले होते. गावातले तिघं जण गुपचूप येऊन त्यायले औषध विचारून गेले. म्हणे, पाहा, दुखणं चांगल्याचांगल्याले हाये. पण ते एकेचाळीस नंबरचं पान वाचलं अन् चष्मा काढून ठेवला. मले म्हणे, चार दिवस ऋचा होती ना व माह्याजवळ? का मले भास झाला?"

मी फोन ठेवला आणि एकेचाळिसावं पान उघडलं. तो एक साधा तक्ता आहे. दिवसातून तीनदा भरायचा. ‘रुग्णासोबत नातेवाईक: होय / नाही’. आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलंय की निरीक्षण करणाऱ्यानं स्वतःला मोजायचं नाही, मोजलं तर आकडे बिघडतात. मी नियम पाळला. चार दिवस, बारा रकाने, बारा वेळा ‘नाही’. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा डोळा लागला होता, वेदनेनं मधेच जाग आली आणि डोळे न उघडताच तुम्ही विचारलंत, "ऋचा, हायेस का?" मी म्हटलं, आहे मामा. तुम्ही माझा हात धरून पुन्हा झोपलात. दोनचा रकाना भरायचा राहिला होता. मी दुसऱ्या हातानं पेन उघडलं आणि ‘नाही’वर खूण केली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण निष्कर्षात मी लिहिलं की केस तीनच्या चिडचिडेपणाचं कारण कौटुंबिक आधाराचा अभाव असू शकतं. तुम्ही गावभर सांगत होतात म्हणे, मुलगा येऊ शकला नाही पण भाची जागची हलली नाही. ज्यांना सांगितलंत त्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये माझी चौसष्ट पानं आहेत. मिहिरनंही ती वाचली आणि मला विचारलं, बाबा तिथे एकटेच होते का? काय सांगू त्याला? मामा, मला फार वाईट वाटतं. मी तिथे होते. खिचडी मीच भरवली, डॉक्टरांशी मीच भांडले, तुमचा धोतराचा काठ सांभाळत बाथरूमपर्यंत मीच नेलं. आणि मीच ते सगळं नव्हतंच असं लिहून दिलं, कारण रकाना तसा होता. तुम्हाला वाटलं असेल, ही आपल्यासाठी बसली नव्हती, वहीसाठी बसली होती. पहिल्या दिवशी थोडं तसंच होतं, खोटं कशाला बोलू. पुढचे तीन दिवस नव्हतं.

शुक्रवारी मी आमचे गाईड प्रफुल्ल सर यांच्याकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "नातेवाईक नव्हते, तर ऑपरेशनच्या कागदावर सही कुणी केली?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग तू कोण?" दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मला एवढा अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, भाची. सर म्हणाले, "मग तसं लिही ना." आता एकेचाळिसावं पान दुरुस्त केलंय, निष्कर्ष काढून टाकलाय, ‘असहकारी’ खोडलंय आणि सातव्या आकृतीखाली तुमचं योगदान लिहिलंय. ग्रुपवरही मी मराठीत, सगळ्यांना कळेल असं, चूक माझी आहे म्हणून लिहिलं. त्यावर अंगठे आले नाहीत. आईनं मात्र त्या दिवशी न विचारता माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली.

मामींच्या गुडघ्यांना जपा. तेल लावून शेकायला सांगा, आणि त्या ऐकत नसतील तर घोषणा करून सांगा. उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर नका लिहू, पण फोन वाजला तर एकदा उचला. मी काही बोलणार नाही, नुसतं ऐकून ठेवून देईन.

तुमची भाची,
ऋचा

ता. क.: पाकिटात एक फॉर्म आहे. संमतीपत्र. ते मी ऑपरेशनच्या आधी घ्यायला हवं होतं, घेतलं नाही, आणि परिशिष्टात मात्र ‘सर्व रुग्णांची संमती घेतली आहे’ असं ठोकून दिलं. आता प्रोजेक्टची शेवटची प्रत जमा करताना विद्यापीठाला तो कागद हवाय. नसेल तर केस तीन बाद, नवा रुग्ण शोधा, सहा महिने पुढे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारली आहे. तारीख सही कराल त्या दिवसाचीच घाला, मागची नको, उशीर का झाला ते मी सरांना लिहून दिलंय. आता तुम्ही म्हणाल, अस्सं, यासाठी होतं होय एवढं लांबलचक पत्र! फॉर्म पाकिटात घालायचा की नाही यावर मी दोन दिवस घालवले. घातला नसता तर पुन्हा लपवल्यासारखं झालं असतं.

ता. क. २: साक्षीदाराची सही मामींची चालेल. माझी चालत नाही.

ता. क. ३: फॉर्म न वाचता सही करू नका. सहाव्या कलमात छापलंय की तुम्हाला कोणत्याही टप्प्यावर, कसलंही कारण न देता माघार घेता येते. प्रोजेक्टमधून खुशाल घ्या, मामा. मी नवा रुग्ण शोधीन, सहा महिने गेले तर जाऊ देत. फक्त ते कलम माझ्या बाबतीत लावू नका.