गुरुवारची ओली माती

प्रिय मामा,

आज चार वाजता श्रीनिवास सर येणार आहेत. तुमचे शेवटचे विद्यार्थी तेच ना? तुमची रीडिंगची वही आणि लॅपटॉप न्यायला येतायत. आत्ता अडीच झालेत आणि मी सकाळपासून कितीदा तुमच्या खोलीत वर गेले, खाली आले. आई म्हणाली, "अगं बस की एका जागी, कशाला परेशान होतीस?" बसले. म्हणून लिहितेय. मराठी लिहायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा काही चुकलं तर ते तुमच्यावर.

वही देताना मला सरांना एक गोष्ट सांगायचीय. ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा एकेक जण येऊन मला समजावून गेला. वर्गात उभं केलं की माझा घसा बंद होतो, हे कुणाला पटतच नव्हतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "सकाळी साडेसहाला उठशील का?" आणि अंगणात नेलंत. आपल्या हिमायतनगरच्या घराला सगळी फरशी, फक्त फाटकाजवळ चार विटांच्या मध्ये तेवढी लाल माती. तिच्यात प्रोब खोचायचा, माती किती ओली, किती गरम, ते वहीत लिहायचं. "इथे कुंडी नाही, झाडू नाही. पाणी पडलं तर फक्त वरून," म्हणालात.

हे सगळं कशाला, तेही सांगितलंत. कोठीच्या बाजारातून दोन माठ आणलेत, एक भरला, एक कोरडा ठेवला, दोन्ही उन्हात. दुपारी मला हात लावायला लावलंत. कोरड्याचा चटका बसला. "जमिनीचं असंच असतं, चिमे. ओली असली की ऊन पाणी सुकवण्यात खर्च होतं. कोरडी असली की हवा तापते. उद्याचं हवामान कॉम्प्युटरने सांगायचं तर आजची माती कशी आहे ते त्याला कुणीतरी सांगायला हवं." तुमची सगळी नोकरी ह्यात गेली, आणि मला ते दोन माठांत कळलं. शाळेत असं का नव्हतं कुणी?

पण मार्गशीर्षात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

पहिल्या गुरुवारी आईने लक्ष्मीचा कलश मांडला. मला म्हणाली, "जा, दारात सडा टाक. नुसती फरशी नको ओली करूस, थोडी माती भिजव." माती आहे कुठे आपल्याकडे? ती चार विटांतली तेवढीच. मी तांब्यातलं ओंजळभर पाणी तिच्यावर शिंपडलं. ओंजळभराने काय होतंय, असं वाटलं. मग रांगोळी काढली, मग रीडिंग घेतलं. आकडा आला तोच लिहिला. पाण्याचं नाही लिहिलं. असं चारही गुरुवारी.

तुमचा कॉम्प्युटर हिशोब करून म्हणत होता माती कोरडी आहे. माझी वही म्हणत होती ओली. तुम्ही वहीचं ऐकलंत. आधी बॅटरी बदललीत, मग प्रोबच बदललात. मग सरांना फोन, "दव आहे हे, श्रीनिवास. आपण दव कमी धरतोय." फोनवर सरांचा आवाज मला जिन्यात ऐकू येत होता, "इतना नहीं होता सर." तुम्ही ऐकलं नाहीत. दिवसभर तेच करत बसायचात, चहा तसाच गार.

आणि एका संध्याकाळी आईला म्हणालात, "सुधा, तुझ्या पोरीच्या आकड्यांनी मला कामाला लावलं बघ." माझे कान गरम झाले. माझ्या कशामुळे कुणी असं खूश झालं नव्हतं कधी. त्यानंतर कसं सांगणार होते मी?

मार्गशीर्ष संपला, माती कोरडी झाली. "बघ, दव संपलं," म्हणालात. तेव्हापासून रोज ठरवायचे, चहा देताना सांगू. तुम्ही म्हणायचात, "आत्ता नको, हे संपवतो, मग बोलू." फाल्गुनात स्वतः चालत ऑटोत बसलात, हॉस्पिटलला गेलात. परत आलाच नाहीत. बोलायचं राहिलंच.

एक विचारू? तुम्ही सगळ्यांना विचारलंत, मला का नाही? "चिमे, त्या दिवशी काय केलंस?" एवढंच विचारायचं होतं. मी सांगितलं असतं. बहुतेक. आणि तुम्ही वहीत तारीख नाही, वर्षाचा कितवा दिवस ते लिहायला लावायचात. काल मी त्या दिवसांची वजाबाकी केली. प्रत्येक वेळी सात. हवामानाला वार कळतो का, मामा? मला दिसलं ते तुम्हाला कसं नाही दिसलं?

सरांनी आईला सांगितलंय, त्या दवाचा पेपर तुमच्या नावाने छापायचा. "सर का लास्ट वर्क है, अम्मा." आई रडली. मी सांगितलं तर तुमचं शेवटचं काम जाईल. नाही सांगितलं तर माझं तांब्यातलं पाणी कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये दव म्हणून पडत राहील, तेही तुमच्या नावाने.

तुम्ही म्हणायचात, उगाच बोलू नकोस, मोजून बोल. म्हणून आज सकाळी मोजलं. आधी कोरड्या मातीचं रीडिंग. मग तोच तांब्या, तेवढंच पाणी, रांगोळीला लागतो तेवढा वेळ थांबले, परत रीडिंग. आकडा तेव्हा चढायचा तेवढाच चढला. मी पायरीवर बसूनच राहिले. समोरच्या लक्ष्मी आंटी, त्या तेलुगूत सड्याला कल्लापि म्हणतात, हसून म्हणाल्या, "कल्लापि डालके इत्ता क्या देखरी बेटा?"

त्या चार आकड्यांपुढे मी पेनने लिहिलंय, "सडा टाकला. चिमी." आकडे खोडले नाहीत. आईला जेवताना सांगितलं. ती मग म्हणाली, "दादाला आवडलं नसतं." मी विचारलं, "काय? सांगितलेलं की लपवलेलं?" तिने माझ्या ताटात भात वाढला.

बाकीचे सगळे दिवस बरोबर आहेत, मामा. ते टाकून देऊ नका, असं सरांना म्हणणार आहे. दव खरंच किती असतं ते येत्या मार्गशीर्षात मोजते. सडा फक्त फरशीवर, आई काहीही म्हणू दे.

बेल वाजली की मी आत पळते आणि आईला पुढे करते, तुम्ही किती चिडवायचात. आज नाही. आज दार मी उघडणार आणि उभी राहूनच सांगणार. घसा बंद झाला तर वही उघडून त्या ओळींवर बोट ठेवीन, पण आत जाणार नाही.

तुमची,
चिमी