कोरा नमुना

३ जानेवारी, सोमवार
आले बाई एकदाची! इतके महिने ज्या नेमणुकीची वाट पाहिली, ती मिळाली आणि जागाही झकास आहे. कालव्यावरच बांधलेलं दोन खोल्यांचं तपासणी केंद्र, फरशीखालून पाणी वाहतंय. एका खोलीत प्रयोगशाळा, दुसरीत माझी खाट आणि टेबल. खिडकी पाण्यावर उघडते असं लिहिणार होते, पण ती उघडतच नाही. धूळ येऊ नये म्हणून काच कायमची बसवली आहे.

काम आवडीचं आहे. शहरातून वाहत आलेल्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे कण मोजायचे. पाणी गाळायचं, गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि धागे, तुकडे रंगाप्रमाणे वहीत मांडायचे. त्यासाठी आत येताना प्लॅस्टिकचं सगळं बाहेर ठेवावं लागलं: फोन, कंगवा, चपला, अंगातला ताईनं दिलेला नायलॉनचा लाल स्वेटरसुद्धा. मोठ्या बाईंनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, तो माझ्यासमोर बाहेरच्या कपाटात कुलपात टाकला आणि मला पांढरे सुती कपडे दिले. आरशात पाहिलं तर थेट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी! चिमी हसून हसून लोळली असती. पाच वर्षांची माझी लेक ताईकडे ठेवली आहे. मी निघाले तेव्हा पोपटी फ्रॉक घालून फाटकाला लोंबकळत होती. रविवारी नक्की येते, असं सांगितलंय.

४ जानेवारी, मंगळवार
बाईंनी आज नियम समजावले. कालव्याच्या पाण्याबरोबर रोज एक कोरा नमुनाही काढायचा. म्हणजे दोनदा गाळलेलं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि तेही तसंच तपासायचं. त्यात काही सापडलं तर ते माझ्या अंगावरून किंवा खोलीतून आलेलं, म्हणजे सगळीच मोजणी बिघडलेली. कोरा नमुना शून्य आला की बाहेरून दार उघडतं. मग मी घरी जाऊ शकते किंवा घरचं एखादं माणूस आत येऊन भेटू शकतं. तोवर दार बंद. मी हसत हसत सही ठोकली. हात स्वच्छ धुवायला मला कुणी शिकवायला नको!

आजच्या कोऱ्या नमुन्यात तीन धागे. लाल.

६ जानेवारी, गुरुवार
अकरा. स्वेटरचा धागा केसांत अडकून आला असेल म्हणून दोनदा न्हाले, कपडे उकळले, भिंती पुसून काढल्या. पंप चालवणारे काका दाराच्या झडपेतून जेवणाचा डबा देतात. ते म्हणाले, इतकं घासू नका, भोक पडेल. मला हसू आलं. मग वाटलं, भिंतीला की मला?

९ जानेवारी, रविवार
चौतीस. दार उघडलं नाही. बाईंनी झडपेतून शांतपणे सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा. चिमी सकाळपासून फाटकापाशी उभी असणार. मला तिची फार आठवण येते आहे. आज जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी, गुरुवार
जुन्या वह्या चाळल्या. माझ्याआधी इथे एक बाई होती. तिच्या कोऱ्या नमुन्यांत फक्त पिवळे धागे आहेत, पानामागून पान. आधी चार, मग चाळीस, मग नऊशे. नंतर आकडे उतरत जातात. शेवटची नोंद दुसऱ्याच अक्षरात आहे, मोठ्या बाईंच्या. शून्य. तारीख २ जानेवारी. मी आले त्याच्या आदल्या दिवसाची.

काकांना विचारलं, ती घरी कशी गेली. काका म्हणाले, दार तर उघडलं होतं. आत कुणी नव्हतं. पांढरे कपडे तेवढे घडी करून खाटेवर होते. आणि मग झडप लावून घेतली त्यांनी, डबा आत सरकवायचाही राहिला.

कालव्याच्या आजच्या पाण्यात पिवळे धागे किती तरी होते.

१७ जानेवारी, सोमवार
दोनशे सहा. स्वेटर कपाटातच आहे. काकांनी बाईंकडून किल्ली मागून बघितलं. एक टाकाही उसवलेला नाही म्हणे.

मग लाल येतंय कुठून?

२० जानेवारी, गुरुवार
काचेची बशी फुटली, बोट कापलं. रक्त आलं नाही. धाग्याचं टोक आलं. धरून ओढलं. येतच राहिलं. दुखलं नाही, तेच जास्त भयंकर. कोपरापर्यंत हात हलका झाला तेव्हा कुठे सोडलं.

बाईंना ओरडून सांगितलं, डॉक्टर बोलवा. त्या म्हणाल्या, आधी शून्य.

२२ जानेवारी, शनिवार
आता कळलं. खरं शून्य येईल तेव्हा माझ्यातलं काही उरलेलं नसेल. सगळी मी फरशीखालून वाहून गेलेली असेन.

म्हणून आज खोटं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद. होते सातशे ऐंशी, मांडलं शून्य. वही झडपेतून दिली. बाई खूश झाल्या. उद्या सकाळी दार उघडते म्हणाल्या. उद्या रविवारच आहे. चिमी, येते गं.

२३ जानेवारी, रविवार
दार उघडलं. मी तयार उभी होते. पण समोरून चिमीच धावत आत आली. पांढऱ्या कपड्यांत, बाह्या दुमडलेल्या. बाईंनी मला खूश करायला कालच ताईला निरोप धाडला होता. शून्य आलंय, लेकीला भेटवा म्हणून.

मी तिला उचलून दाराकडे वळेपर्यंत ते बंद झालं. ताई बाहेर. धडका मारल्या. बाई म्हणाल्या, दोघींचा मिळून शून्य आला की लगेच उघडते, एवढी घाई कसली, आत्ताच तर भेटलात.

सांगितलं, काल खोटं लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, मग तर उघडताच येणार नाही.

मी केलं हे. मीच.

२४ जानेवारी, सोमवार
चिमीला कशालाही हात लावू देत नाही. खाटेवर बसवून ठेवलीय. कालव्याकडे बघत गाणं म्हणते —

माझा डावा हात कोपरापर्यंत — नको, लिहीत नाही. तिनं वाचलं तर. तिला अजून वाचता येत नाही. बरंच आहे.

काका डबा देताना रडत होते. दार मात्र —

२५ जानेवारी, मंगळवार
कोरा नमुना. लाल, मोजले नाहीत.

आणि एक पोपटी.

फ्रॉक तर बाहेर, कपाटात, कुलपात — तिच्या अंगावर पांढरं सुती — एकच आहे, एकच, चुकून आला असेल —

चिमी हाक मारतेय. आई बघ ना, म्हणतेय, माझ्या गुडघ्यातून दोरा —

सांगितलं तिला, ओढू नकोस. चिमे, ओढू नको, थांब, मी आ